घरपट्टीची माफी आणि मालेगावचे अंदाजपत्रक

महानगरपालिकांच्या निवडणुका आल्या म्हणजे घरपट्टी माफ करण्याचे आश्वासन घेऊन मंडळी दारोदार फिरू लागतात. आणि निवडणुका आटोपल्या म्हणजे त्याच आश्वासनाचे धाकटे भावंड, ज्याला 'अभय योजना' असे गोंडस नाव मिळाले आहे, ते हळूच पुढे येते. मुंबईत २०१७ सालच्या निवडणुकीत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांस मालमत्ता कर माफ करण्याचे वचन देण्यात आले व २०२२ च्या जानेवारीत ते पुरे करण्याचा निर्णय झाला. मुंबईची महानगरपालिका गडगंज आहे; तिला ही चैन परवडते की नाही हे मुंबईकरांनी पाहावे. आमचा प्रश्न मालेगावसारख्या शहरांचा आहे. ह्या शहरांस माफी म्हणजे आडातले उरलेसुरले पाणी उपसून टाकून वर पोहरा रिकामा कसा म्हणून विचारण्यासारखे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे; आणि ते लोकप्रिय नाही हे ठाऊक असूनही आम्ही ते येथे मांडीत आहो.

मालेगावचे नाव बाहेरच्या जगात निघते ते मागांसाठी, मोसम-गिरणेच्या संगमासाठी, नारोशंकर राजेबहाद्दरांच्या किल्ल्यासाठी, अलीकडे तेथील हौशी चित्रपटकारांसाठी, आणि दुर्दैवाने दंग्याधोप्यांसाठी. मालेगावच्या अंदाजपत्रकासाठी मालेगावचे नाव कोणी घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वास्तविक साडेचार लाखांहून अधिक वस्तीच्या ह्या शहरात गटार तुंबते का, मोसम नदीचा नाला का झाला, दवाखान्यात डॉक्टर का नाही, ह्या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या एका कंटाळवाण्या पुस्तकात असतात. २०२० सालच्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाच्या साथीने मालेगावास घेरले तेव्हा सर्व महाराष्ट्राचे डोळे तिकडे लागले होते. त्या दोन महिन्यांत बाहेरून माणसे व साधने आणून जी धावाधाव करावी लागली, तिचे कारण रोगाइतकेच शहराच्या रिकाम्या आरोग्यखात्यातही होते. साथ ओसरली आणि चर्चाही ओसरली.

ह्या रितेपणाचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. मालेगावास नगरपालिका मिळाली १८६३ साली. मुंबई इलाख्यातील बहुतेक नगरपालिकांप्रमाणे तिचाही संसार पुढे मुख्यतः जकातीवर चालला. जकात हा कर अर्थशास्त्रज्ञांस कधीच आवडला नाही. नाक्यावर गाड्या खोळंबतात, कारकुनाचे हात ओले होतात, व्यापार अडतो, हे सर्व आक्षेप खरेच होते. परंतु तिच्यात एक गुण होता: तो पैसा गावाचा होता आणि गावात येत होता. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली. मालेगाव २००१ साली महानगरपालिका झाले. महानगरपालिकांची जकात २०१० पासून टप्प्याटप्प्याने जाऊन तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतील उलाढालीच्या व्यापाऱ्यांस तोही माफ झाला, म्हणजे मालेगावसारख्या गावी तो जवळजवळ संपलाच. आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर सुरू होऊन उरलेसुरलेही आटोपले. बदल्यात राज्य सरकारने कायदा करून २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरसाल आठ टक्के वाढीने भरपाई देण्याचे मान्य केले. भरपाई येते, नाही असे नाही. परंतु जी संस्था आपल्या पगारासाठी दर महिन्यास मंत्रालयाकडे डोळे लावून बसते, तिला स्वराज्य संस्था म्हणणे म्हणजे सासरच्या मनिऑर्डरीवर जगणाऱ्या जावयास कर्ता पुरुष म्हणण्यासारखे आहे.

तेव्हा आज शहराच्या हाती स्वतःचे असे मोठे उत्पन्न उरले आहे ते एकच, घरपट्टी. कार्यालयीन भाषेत तिला मालमत्ता कर म्हणतात. पण लोकांनी दिलेले नाव अधिक खरे आहे, कारण ती घरावर बसते आणि घराच्या दारातच मागितली जाते. जकात द्यावी लागते हे गिऱ्हाइकास कळतही नव्हते. घरपट्टीची मागणी कागदावर नाव घालून हाती पडते, म्हणून ती टोचते. आमचे म्हणणे असे की, टोचते म्हणूनच ती मोलाची आहे. ज्याने स्वतःच्या खिशातून पाच हजार रुपये मोजले, तो आपल्या गल्लीतील दिवा का लागत नाही हे विचारावयास जातो. ज्याने काहीच दिले नाही, तो विनंती करावयास जातो. लॉर्ड रिपन ह्यांनी १८ मे १८८२ च्या ठरावात स्थानिक स्वराज्य हे लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन आहे असा विचार मांडला होता. त्या शाळेची फी म्हणजे ही घरपट्टी होय. फी माफ करणारे पुढारी शाळाच बंद करीत आहेत, हे त्यांच्या ध्यानात येत नसेल असे आम्हांस वाटत नाही. विनंती करणारा मनुष्य प्रश्न विचारणाऱ्यापेक्षा पुढाऱ्यास सोयीचा असतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताने १९७८ साली लोकमत घेऊन घरावरील कर किमतीच्या एक टक्क्यावर बांधून टाकला व करपात्र किमतीची वार्षिक वाढ दोन टक्क्यांच्या आत कोंडली. घरवाल्यांनी जल्लोष केला. परिणाम असा झाला की तेथील शहरे, परगणे व शाळा आपल्या खर्चासाठी प्रांताच्या राजधानीकडे तोंड करून बसल्या, आणि एकाच रस्त्यावरील दोन सारख्या घरांपैकी जुना मालक थोडा व नवा मालक कितीतरी अधिक कर भरू लागला. श्रीमंत प्रांत होता, त्याने निभावले. आपल्याकडे तर २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत बंगळूर व जयपूर ह्या शहरांचा अभ्यास देऊन असे दाखविले होते की, घरपट्टीतून जेवढे उत्पन्न शक्य आहे त्याचा पाच ते वीस टक्केच भाग ही शहरे गोळा करतात. त्यांची ही कथा, तर मालेगावची काय वेगळी असणार!

आता अंदाजपत्रकाकडे वळू. अंदाजपत्रक कसे शिजते हे गृहस्थाश्रमी वाचकांस समजावयास कठीण नाही. समजा, एखाद्या शहराची घरपट्टीची एकूण मागणी शंभर रुपये आहे. त्यांपैकी साठ मागील थकबाकी व चाळीस चालू वर्षाची. वर्षभरात वसूल झाले पंचेचाळीस. आता हाच आकडा दोन तऱ्हांनी सांगता येतो. एकूण मागणीशी ताडून पाहिला तर वसुली पंचेचाळीस टक्के, म्हणजे लाजिरवाणी. चालू मागणीशी ताडला तर एकशे बारा टक्के, म्हणजे सत्कारास पात्र! पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात मात्र जमेच्या बाजूस ऐंशी मांडावयाचे, कारण खर्चाच्या बाजूस ऐंशीची कामे आधीच कबूल करून ठेवलेली असतात आणि दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. वर्षाअखेर पंचेचाळीसच येतात. उरलेल्या पस्तीस रुपयांचे काय होते? ते ठेकेदारांच्या न दिलेल्या देयकांच्या रूपाने कपाटात पडतात. ज्या ठेकेदारास दोन वर्षे पैसे मिळणार नाहीत हे ठाऊक आहे, तो पुढच्या निविदेत त्या दोन वर्षांचे व्याज धरूनच दर भरतो. म्हणजे घरपट्टी न भरणाऱ्याचा भार डांबराच्या दरात मिसळून घरपट्टी भरणाऱ्याच्याच डोक्यावर येतो. वर्तमानपत्रांत मात्र 'इतक्या कोटींचे, करवाढ नसलेले अंदाजपत्रक सादर' असा मथळा येतो आणि आपण समाधान मानतो. करवाढ नसलेले अंदाजपत्रक म्हणजे चांगले अंदाजपत्रक ही समजूत आम्हांस मोठी घातक वाटते. करवाढ नसेल, पण गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष जमाखर्च कोठे आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

त्यातून गेली काही वर्षे प्रश्न विचारण्याची जागाच बंद होती. मालेगावात २०१७ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या सभेची मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली, आणि पुढील मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात पडून राहिल्याने राज्यातील एकामागून एक महानगरपालिका अशाच प्रशासकांच्या हाती गेल्या. ह्या काळात २०२३-२४, २०२४-२५ व २०२५-२६ अशी तीन वर्षांची अंदाजपत्रके झाली. कायद्याप्रमाणे आयुक्ताने अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवावयाचे, समितीने ते तपासून महासभेपुढे न्यावयाचे, आणि महासभेने मंजूर करावयाचे. प्रशासकीय राजवटीत ठेवणारा, तपासणारा व मंजूर करणारा हे तिघेही एकच गृहस्थ असतात. आम्ही कोणा अधिकाऱ्याच्या सचोटीबद्दल शंका घेत नाही. पण परीक्षार्थी, परीक्षक व निकाल जाहीर करणारा एकच असेल तर त्या परीक्षेस परीक्षा कोण म्हणेल? घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांस घटनात्मक स्थान दिले. त्याच घटनेखाली साडेतीन वर्षांहून अधिक काळ लाखो लोकांकडून प्रतिनिधी नसता कर घेतला गेला, आणि ह्याविरुद्ध सुशिक्षित मध्यमवर्गातून चार सभाही झाल्या नाहीत. उलट 'नगरसेवक नाहीत तेच बरे' असे म्हणणारे आम्हांस पुष्कळ भेटले.

आता अभय योजनेविषयी. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लावण्याचा नियम महानगरपालिकांच्या कायद्यात आहे, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. दोन शेजारी घ्या. दोघांचीही घरपट्टी सालीना पाच हजार. एकजण दर मार्चअखेर भरतो. दुसरा पाच वर्षे काहीच भरीत नाही. पाचव्या वर्षाअखेर त्याच्याकडे मुद्दल पंचवीस हजार व चक्रवाढ न धरताही शास्ती बारा हजार झाली. मग योजना जाहीर होते, नाही तर राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड होते, आणि शास्तीचा मोठा भाग किंवा सर्वच शास्ती सुटते. पंचवीस हजार भरून तो गृहस्थ मोकळा होतो. इतकेच नव्हे तर 'सहकार्याबद्दल' त्याचे आभारही मानले जातात. पहिल्याने पाच वर्षे जे पैसे वेळच्या वेळी दिले ते ह्याने पेढीत ठेवून त्यावर व्याज खाल्ले. अशी योजना एकदा आली तर तिला दया म्हणता येईल. परंतु राज्यातील लहानमोठ्या महानगरपालिकांत ती फिरून फिरून येते; पुण्यात ती २०२० साली आली आणि शास्तीचे ऐंशी टक्के सुटले. मार्गशीर्षातील गुरुवारासारखी ती येणारच असे कळले की शहाणा मनुष्य वाट पाहतो, आणि वेळेवर भरणारा वेडा ठरतो. चोर सोडून संन्याशास सुळी देण्याचा हा प्रकार आहे. ह्याने वसुली वाढते असे जे सांगतात ते त्या एका महिन्याची वसुली दाखवितात. त्याच्या आधीच्या बारा महिन्यांत किती लोकांनी भरावयाचे थांबविले होते ते दाखवीत नाहीत.

मालेगावात ह्या वादास आणखी एक विषारी कंगोरा आहे आणि तो टाळून लिहिणे आम्हांस भ्याडपणाचे वाटते. मोसम नदीच्या एका तीरावर जुने गाव व मागांची वस्ती आहे. दुसऱ्या तीरावर इंग्रजी छावणीच्या नावाने ओळखला जाणारा कॅम्प व नव्या वसाहती आहेत. वस्ती धर्माप्रमाणेही बरीचशी विभागलेली आहे. ह्या तीरावर गेले की कानी येते, 'कर आम्ही भरतो आणि पैसा पलीकडे जातो'. त्या तीरावर गेले की ऐकू येते, 'मागांचा घाम आमचा, आणि रस्ते पलीकडचे'. दोघेही मोठ्या आत्मविश्वासाने बोलतात, आणि दोघांच्याही हाती एक आकडा नसतो. आमचा साधा सवाल आहे: प्रत्येक प्रभागाची मागणी किती, वसुली किती आणि त्या प्रभागात खर्च किती, हे तीन आकडे महानगरपालिका दरसाल छापून दारोदार का वाटीत नाही? हे आकडे दप्तरात असलेच पाहिजेत, नाही तर मागणीच्या पावत्या कशाच्या आधारे निघतात? ते बाहेर आले की एका तीराची तरी फुशारकी उतरेल, कदाचित दोन्ही तीरांची उतरेल. थकबाकीदारास धर्म नसतो. त्याला बहुधा ओळखी असतात. हे ज्यांना उघडकीस यावयास नको आहे त्यांनाच नदीच्या दोन तीरांचे भांडण हवे आहे, असा आमचा समज आहे.

वसुलीइतकाच आकारणीचा प्रश्न बिकट आहे. घराचे वर्षाचे भाडे किती येऊ शकेल ते ठरवून त्यातून दुरुस्तीसाठी एक दशांश वजा करावयाचा, उरेल ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर शेकडा अमुक कर, ही जुनी पद्धत. ती वाईट नाही. पण १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली करयोग्य मूल्य प्रमाण भाड्यापलीकडे जाऊ शकत नाही असा निर्णय दिला. जुन्या पेठेतील चौसोपी वाड्याला किरकोळ कर आणि नव्या वसाहतीतील दोन खोल्यांच्या शिक्षकाला त्याहून अधिक, हा चमत्कार ह्यातूनच निघाला. आकारणीचे नवे पुस्तक चार वर्षांतून एकदा तरी व्हावे असे नियमांत आहे. कित्येक ठिकाणी चार वर्षांची चाळीस होतात. मधल्या काळात घरावर दोन मजले चढतात, खाली गाळे निघतात, आणि पुस्तकात अजून कौलारू घर नांदत असते. मालेगावात तर खाली माग व वर संसार अशी घरे गल्लोगल्ली आहेत. त्यांस राहते घर समजावे की कारखाना, ह्याचा उत्तर कारकुनाच्या लेखणीवर सोडले की लेखणीस भाव येतो.

तरीही आकारणी सुधारण्याची रीत असते, आणि ती सोडली की काय होते हे आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीच दिसले. नाशिकचे आयुक्त तुकाराम मुंढे ह्यांनी १ एप्रिल २०१८ पासून भाडेमूल्याचे दर एकदम वाढविले. मोकळ्या जागाही त्यात आल्या. शेतकरी उठले, सर्व पक्ष एक झाले, अविश्वासाचा ठराव आला, तो मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून मागे घेतला गेला, आणि नोव्हेंबरात आयुक्तांची बदली झाली. मुंढे ह्यांचे निदान बरोबर होते असे आम्ही आजही म्हणू. पण औषध एका रात्रीत, रोग्यास न विचारता, सबंध बाटलीभर पाजले. त्याचा खरा तोटा नाशिकला झाला त्याहून अधिक शेजारच्या शहरांस झाला, कारण त्यानंतर आकारणीस हात लावावयाचा म्हटले की 'नाशिकचे आठवा' एवढे दोन शब्द पुरे होऊ लागले.

ह्यावर आमचे विरोधक म्हणतील: 'आधी सोयी द्या, मग कर मागा.' हे म्हणणे वरवर पाहता न्याय्य वाटते आणि ते म्हणणाऱ्यांचा राग खोटा नाही. काशीच्या लोकांनी १८१०-११ साली कंपनी सरकारच्या घरपट्टीविरुद्ध घरेदारे सोडून मैदानात धरणे धरले, आणि शेवटी सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. तो लढा योग्यच होता. कारण ते सरकार काशीकरांचे नव्हते व हिशेब देण्यास बांधलेले नव्हते. आपल्या शहराची गोष्ट तशी नाही. आपणच निवडलेल्या सभेविरुद्ध हत्यार उपसावयाचे ते कर बुडविण्याचे नव्हे, खर्च अडविण्याचे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली लॉर्ड लिटन ह्यांच्या स्वागतास एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला तेव्हा तो पैसा शिक्षणास लावावा म्हणून त्यांनी एकट्याने विरोध केला. त्यांनी पुणेकरांस कर बुडविण्यास सांगितले नाही; कराच्या पैशाचे काय करता, हे भर सभेत विचारले. आजच्या नगरसेवकांपैकी किती जणांनी अंदाजपत्रकाचे पुस्तक शेवटपर्यंत उलटले असेल, हे विचारणे उद्धटपणाचे होईल. असो.

मागणीच्या कागदाबद्दलही एक गोष्ट लोकांस कोणी सांगत नाही. त्या कागदावर सामान्य कर, पाणीपट्टी, सफाई, वृक्ष, अग्निशमन इत्यादी रकमांच्या खाली शिक्षण कर व रोजगार हमी कर अशाही रकमा असतात. ह्या दोन्ही १९६२ च्या कायद्याखाली राज्य सरकारच्या तिजोरीत जावयाच्या असतात; महानगरपालिका केवळ गोळा करणारी. शिव्या मात्र सर्व रकमेच्या तिलाच मिळतात. हे दोन कर वेगळ्या रंगाच्या कागदावर, राज्य सरकारच्या नावाने मागावेत, म्हणजे कोणाचे ओझे कोणाच्या पाठीवर आहे ते स्पष्ट दिसेल.

राहिला गरिबाचा प्रश्न. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांचा संसार करणाऱ्या मागकऱ्याकडून घरपट्टी घेऊ नका असे कोणी म्हणाल्यास आम्ही त्याच्याशी भांडणार नाही. लहान घरास सवलत अवश्य असावी. परंतु ती घराच्या मापावरून, आकारणीच्या वेळीच, कायद्याने द्यावी, थकबाकीवरून नव्हे. आणि जे राज्य सरकार किंवा जो पक्ष ती जाहीर करील, त्याने तेवढी रक्कम त्याच वर्षी शहराच्या तिजोरीत भरावी. दुसऱ्याच्या ताटातील पोळी वाढून दानशूर म्हणवून घेणे फार सोपे आहे. शिवाय मापाची सवलत मागकऱ्यास मिळेल. अभय योजना कोणास मिळते? ज्याची थकबाकी लाखांत आहे त्याला. पाचशे रुपयांची शास्ती सुटलेल्या शंभर गरिबांच्या आड एक मोठा गाळेवाला उभा असतो, आणि योजनेचा खरा मसुदा त्याच्यासाठी लिहिलेला असतो.

मालेगावात आता पुन्हा चौऱ्याऐंशी नगरसेवकांची सभा आहे. पुढील वर्षाच्या करांचे दर दरसाल २० फेब्रुवारीच्या आत ठरविण्याचे काम महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९९ ने ह्या सभेवर टाकले आहे. त्या तारखेपूर्वी मागील तीन वर्षांचा अंदाज व प्रत्यक्ष जमाखर्च शेजारी शेजारी छापलेला, प्रभागवार मागणी-वसुली दाखविणारा, ठेकेदारांची थकलेली देणी व एक लाखावरील थकबाकीदारांची नावे असलेला कागद मराठीत व उर्दूत मोसमच्या दोन्ही तीरांवर लावला जावा, अशी मागणी मालेगावच्या वकिलांनी, शिक्षकांनी, डॉक्टरांनी व व्यापाऱ्यांनी लेखी करावी. अर्जाखाली सह्या करताना प्रत्येकाने आपल्या घरपट्टीच्या चालू वर्षाच्या पावतीचा क्रमांकही लिहावा, म्हणजे अर्ज फेटाळणाऱ्यास पहिला आक्षेप घेता येणार नाही.